देवळालीचा ताप

इंग्रजीत 'डूलॅली' नावाचा एक शब्द आहे. ब्रिटनमध्ये चार-सहा वर्षे काढलेल्या प्रत्येकाच्या कानावर तो कधी ना कधी पडलेला असतो. ऑफिसात कोणी एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा छत्री विसरले, किंवा शेजारची आजी नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारू लागली, की इंग्रज माणूस हसून म्हणतो, 'झालं, डूलॅली!' म्हणजे भ्रमिष्ट, डोक्यावर परिणाम झालेला, आपल्या भाषेत स्क्रू ढिला झालेला. शब्दात थोडी टिंगल आहे, थोडी मायाही आहे. पण हा शब्द आला कुठून, असे विचारले तर बोलणारा बहुधा खांदे उडवतो. वाचकहो, तो आपल्या नाशिक जिल्ह्यातून आला. डूलॅली म्हणजे देवळाली.

मूळ शब्दप्रयोग होता 'डूलॅली टॅप'. गोऱ्या सोजिरांची ही बोली. यातला 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, तो आपला ताप. फारसी-उर्दूत 'तप', संस्कृतात आणि मराठीत 'ताप'. तेव्हा डूलॅली टॅप म्हणजे देवळालीचा ताप. फ्रेझर आणि गिबन्स यांनी १९२५ साली सैनिक आणि खलाशी यांच्या बोलीचा कोश काढला, त्यात हा प्रयोग 'वेडा' या अर्थाने आणि जुन्या सैन्यातला म्हणून नोंदलेला आहे. पुढे शेपूट गळाले आणि नुसते गाव उरले.

गावाच्या नावाने वेड ओळखणे आपल्याला नवे नाही. 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला जागा आहे का बघा' असे आपणही म्हणत आलो, कारण तिथे मनोरुग्णालये आहेत. उत्तरेत त्यासाठी आग्रा आणि रांची. लंडनच्या बेथलेहेम रुग्णालयावरून तर इंग्रजीत 'बेडलम' शब्द झाला. त्यामुळे देवळालीतही वेड्यांचे इस्पितळ असणार आणि त्यावरूनच शब्द निघाला असणार, असे इकडे पुष्कळदा सांगितले जाते. ऐकायला सोपे आहे. पण सैनिकांनी स्वतः सांगितलेली हकीकत वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त विचार करण्यासारखी आहे.

देवळाली कसारा घाट चढून गेल्यावर, मुंबईपासून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटरवर. हवा कोरडी आणि मुंबईच्या मानाने थंड. मुंबईची मंडळी तर हवापालटासाठी तिथल्या सॅनिटोरियममध्ये जाऊन राहत. म्हणजे मुंबईकर जिथे बरा व्हायला जाई, तिथेच सोजीर वेडा होई! निव्वळ उन्हाने डोके फिरत असते तर हा मान देवळालीच्या आधी मुलतान किंवा झाशीला मिळायला हवा होता. तेव्हा कारण हवेत शोधण्यात अर्थ नाही.

कारण छावणीच्या कामात होते. १८५७ नंतर हिंदुस्थानातले गोरे सैन्य वाढवण्यात आले. १८६० च्या दशकात देवळालीला छावणी झाली आणि १८६५ मध्ये कसारा घाटातून आगगाडी धावू लागली. विलायतेहून आलेल्या पलटणी मुंबई बंदरात उतरून देवळालीला येत आणि तिथून देशभर पांगत. मुदत संपलेले सैनिक देशभरातून देवळालीला जमत आणि परतीच्या आगबोटीची वाट पाहत.

माझा धंदा संगणकाचा, त्यामुळे हे वाचताना मला प्रथम रांग दिसते. १८७० साली ब्रिटिश युद्धमंत्री कार्डवेल यांनी सैन्यभरतीचा कायदा बदलला. पूर्वी सैनिकाचे उमेदीचे सारे आयुष्य पलटणीत जाई. आता पायदळात साधारण सहा वर्षे प्रत्यक्ष नोकरी आणि पुढची सहा राखीव दलात, असा करार आला. पुढे ही मुदत कमीजास्त होत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात सत्तर हजारांच्या आसपास गोरे सैन्य होते. मेलेले, आजारी, नव्याने करार करणारे असे सगळे वजा केले, तरी दरसाल हजारो माणसे घरी जायला मोकळी होत. त्यांना न्यायला १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून १८९४ पर्यंत सरकारच्या पाच खास आगबोटी होत्या: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. एका बोटीत हजार-बाराशे माणसे मावत. पण या बोटी साधारण हिवाळ्याच्या सहा महिन्यांतच फिरत, कारण उन्हाळ्यात तांबडा समुद्र भाजून काढी आणि पुढे पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला. माणसाची मुदत मात्र बाराही महिने संपत होती. आवक वर्षभर आणि जावक सहा महिने, म्हणजे मधे तुंबारा होणारच. त्या तुंबाऱ्याचे नाव देवळाली.

हंगामाची शेवटची बोट चुकलेल्या माणसाचे काय होई, हे फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात होता आणि 'ओल्ड सोल्जर साहिब' हे त्याचे पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध झाले. तो सांगतो की मुदत संपलेल्या माणसांना कित्येक महिने तिथे काढावे लागत आणि करायला काही नसे. पलटणीत कवायत होती, पहारा होता, ओळखीचे दोस्त होते. इथे यातले काहीच नाही. चांगल्या चालीची म्हणून नावाजलेली माणसेही तिथे बिघडत. दारू, मारामाऱ्या, बाजारातून आणलेले गुप्तरोग, आणि घरी निघालेला माणूस जहाजाऐवजी तुरुंगात. मग कोणी जरा विचित्र वागला की बाकीचे म्हणत, याला देवळालीचा ताप चढला.

खरा तापही होताच. हिवताप मेंदूत शिरला की माणूस बरळतो. उपदंश वर्षांनंतर मेंदू पोखरतो, आणि त्यावर पेनिसिलिनसारखे औषध तेव्हा नव्हते. ज्यांचे मन खरोखर ढासळले, त्यांच्यासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेटली येथील लष्करी रुग्णालयात १८७० साली 'डी ब्लॉक' हा वेगळा विभाग उघडण्यात आला. म्हणजे सरकारलाही हा प्रश्न माहीत होता.

याच सोजिरांनी आपल्याकडून आणखी एक शब्द उचलला, 'ब्लायटी'. आपली विलायत, तिचे विशेषण विलायती, हिंदुस्थानीत बिलायती, आणि सोजिराच्या तोंडी ब्लायटी, म्हणजे मायदेश. पहिल्या महायुद्धात खंदकातला सैनिक देवाकडे 'ब्लायटी' मागे: जीव वाचेल पण घरी पाठवावेच लागेल, इतपत जखम. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. घराला त्यांनी नाव दिले आपल्या भाषेतले, आणि त्या घराची वाट पाहता पाहता वेड लागते त्या अवस्थेला नाव दिले आपल्या गावाचे.

१९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट, मम' ही विनोदी मालिका चालली. तिची सुरुवातीची कथा देवळालीच्या छावणीत घडते, आणि लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः तिथे सैन्यात होते. तिच्यातला एक हिंदी नोकर चेहऱ्याला रंग लावून गोऱ्या नटाने केला, त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. देवळालीच्या रहिवाशांच्या लेखी मात्र गावाची ओळख तोफखान्याची शाळा, लष्करी छावणी आणि चांगली हवा हीच आहे.

आपल्या गावाचे नाव वेडाला दिले म्हणून रागवावे का? मला राग येत नाही. ठाणे-येरवड्याच्या थट्टेत आपण माणसाला वेडा ठरवतो आणि घालवून देतो. सोजिरांच्या शब्दात निदान एवढी जाण आहे की हा माणूस मुळात बरा होता, अडकून पडल्यामुळे असा झाला.

आपल्या मंडळातही अशी देवळाली असते. व्हिसाचा निकाल येईपर्यंत नोकरी न करता घरात बसलेली नवी सून. सहा महिन्यांसाठी आलेले आणि दिवसभर खिडकीतून रस्ता पाहणारे वडील. 'मुलांचे शिक्षण झाले की परत जाऊ' म्हणत वीस वर्षे सामान अर्धे बांधून ठेवलेले जोडपे. यांतले कोणी हळूहळू अबोल होते, कार्यक्रमांना येईनासे होते, आणि आपण 'त्यांचं जरा बिनसलंय' असे कुजबुजून विषय बदलतो. डॉक्टरकडे जाण्याची गोष्ट तर घरातल्या घरात दडपली जाते.

त्यापेक्षा त्यांच्या घरी जावे, चहा घ्यावा, आणि सरळ विचारावे, 'किती दिवस वाट पाहताय? आणि कशाची?' देवळालीतल्या त्या माणसांना हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.