छाया आणि काया : सोजर्नर ट्रूथ यांची छायाचित्रे

व्यवसायासाठी स्वतःचे छायाचित्र काढून घेणे आणि त्याची काटेकोर पूर्वतयारी करणे, ही अलीकडच्या जाहिरातयुगाची देणगी आहे असा आपला समज असतो. माझी एक माजी विद्यार्थिनी आता मसाल्यांचा छोटा घरगुती उद्योग चालवते. छायाचित्रकाराने तिला एक यादी दिली होती : साडी कोणत्या रंगाची, हातात काय धरायचे, पाठीमागे काय दिसावे, नजर कुठे असावी. ती यादी माझ्यापुढे ठेवून तिने विचारले, "सर, यात मी कुठे आहे?" तिने गमतीनेच विचारले होते, पण उत्तर शोधताना मला सोजर्नर ट्रूथ आठवल्या.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण वर्गात शिकवतो. ट्रूथ या त्याच चळवळीतल्या. न्यूयॉर्क राज्यात १७९७ च्या सुमारास जन्मलेली इझाबेला नऊएक वर्षांची असताना मेंढरांच्या कळपासह शंभर डॉलरला विकली गेली. पुढे एका मालकाने मुक्त करण्याचे वचन दिले आणि हाताच्या दुखापतीमुळे काम कमी झाले, या सबबीवर ते मोडले. १८२६ मध्ये ती तान्ह्या मुलीला घेऊन निघून गेली. १८४३ मध्ये तिने स्वतःच स्वतःला नवे नाव दिले आणि गावोगाव व्याख्याने देऊ लागली.

ट्रूथ यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे आत्मवृत्त ऑलिव्ह गिल्बर्ट यांनी लिहून घेतले आणि ते १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. ॲक्रन येथील १८५१ चे त्यांचे भाषण फ्रान्सेस गेज यांनी १८६३ मध्ये छापले, तेव्हा ते दक्षिणेकडील गुलामांच्या बोलीत घातले. वास्तविक ट्रूथ उत्तरेत, डच बोलणाऱ्या घरांत वाढल्या होत्या. त्याच वर्षी हॅरिएट बीचर स्टो यांनी 'अटलांटिक मंथली'त त्यांच्यावर लेख लिहिला आणि ट्रूथ हयात असताना त्या निवर्तल्याचेही लिहून टाकले. ज्या स्त्रीचा प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या लेखणीतून आपल्यापर्यंत येतो, तिचे स्वतःचे लेखन कोणते मानावे?

माझ्या मते, तिची छायाचित्रे.

एकाच काचेवर अनेक लहान प्रतिमा घेण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये दिस्देरी यांनी १८५४ मध्ये घेतले. भेटकार्डाच्या आकाराच्या या चित्रांना 'कार्त-द-व्हिझित' म्हणत. त्यामुळे छायाचित्र स्वस्त झाले, आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) अशी कार्डे विकत घेऊन संग्रहात लावण्याची लाटच आली. ट्रूथ १८६३ पासून मिशिगनमधील स्टुडिओंत बसू लागल्या आणि आपली कार्डे सभांतून व टपालाने विकू लागल्या. उतारवयात हा त्यांच्या चरितार्थाचा एक मुख्य आधार होता.

त्यांची तयारी पाहण्यासारखी आहे. पांढरी टोपी, शाल, साधा पण नीटनेटका पोशाख, चष्मा, हातात विणकाम. शेजारच्या टेबलावर फुले आणि पुस्तक. एका चित्रात तर मांडीवर नातवाचे छायाचित्र आहे. तो कृष्णवर्णीयांच्या पलटणीत लढायला गेला होता. याच काळात गुलामांच्या पाठीवरचे चाबकाचे वळ दाखवणारी चित्रेही प्रचारासाठी विकली जात. त्यांचा परिणाम मोठा होता. पण ट्रूथ यांनी आपल्या जखमा विकल्या नाहीत. दुखापत झालेला हातही त्यांनी धाग्यासह समोर ठेवला, तो कामाचा हात म्हणून.

कार्डाखाली त्यांनी एक ओळ छापून घेतली. तिचा आशय असा : मूळ देहाच्या निर्वाहासाठी मी माझी छाया विकते. त्या काळचे छायाचित्रकार जाहिरातीत सांगत की काया विरण्याआधी तिची छाया जपून ठेवा. ट्रूथ यांनी ही छाया-कायेची जोडी उलटवली. आपल्या 'छायाचित्र' या शब्दातच ती छाया असल्याने मराठी वाचकाला हा श्लेष चटकन भिडतो. बालपणी जिची काया बाजारात उभी केली गेली, ती आता फक्त छाया विकत होती आणि मोल तिच्याच पदरी पडत होते. १८६४ मध्ये त्यांनी या कार्डांचा स्वामित्वहक्क न्यायालयाच्या कचेरीत स्वतःच्या नावे नोंदवला. सामान्यतः अशा कार्डावर स्टुडिओचे नाव मिरवे. इथे चित्रातल्या व्यक्तीचे नाव हक्कदार म्हणून आले.

इथे एक शंका घ्यायला हवी. टेबल आणि फुलदाणी ही स्टुडिओतली नेहमीचीच सामग्री. चष्मा आणि शाल यांतून साकारणारी 'सभ्य' स्त्री ही गोऱ्या मध्यमवर्गाची कल्पना. तेव्हा ट्रूथ यांनी स्वतःला घडवले, की ग्राहकाला रुचेल असा मुखवटा चढवला? दोन्ही खरे आहे, असेच म्हणावे लागेल. बाजारात उभे राहणाऱ्याला रूढ संकेतांबाहेर फारशी जागा नसते. मात्र त्या संकेतांतून काय उचलायचे आणि काय नाकारायचे, ही निवड उरते, आणि लेखकाकडे तरी याहून वेगळे काय असते?

विद्यार्थिनीला मी हेच सांगितले. यादी छायाचित्रकाराची असू दे, निवड तुझी हवी. शिवाय यादीत नसलेला एक प्रश्नही विचार : चित्रावर हक्क कोणाचा? भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्याकडे असतो. ट्रूथ यांनी तो प्रश्न १८६४ मध्येच विचारला होता. तिने यादी परत घेतली आणि 'हातात काय' या रकान्यातली सुबक बाटली खोडून तिथे आईचा खलबत्ता लिहिला.