इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड
एक प्रसिद्ध अमेरिकन विनोदी चित्रपट (१९६३). निर्माता व दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर (१९१३–२००१). कथा-पटकथा विल्यम व तान्या रोझ या दांपत्याची, छायालेखन अर्नेस्ट लास्लो यांचे आणि संगीत अर्नेस्ट गोल्ड यांचे. हा चित्रपट ७ नोव्हेंबर १९६३ रोजी हॉलिवुडमधील नव्याने बांधलेल्या ‘सिनेरामा डोम’ या घुमटाकार चित्रपटगृहात प्रथम दाखविण्यात आला.

कॅलिफोर्नियातील वाळवंटी घाटरस्त्यावर स्मायलर ग्रोगन या चोराची मोटार दरीत कोसळते. मदतीस धावलेल्या पाच वाटसरूंना तो मरतामरता सांगतो, की सांता रोझिता येथील उद्यानात एका मोठ्या ‘डब्ल्यू’खाली साडेतीन लक्ष डॉलर पुरलेले आहेत. पैशाची वाटणी चार वाहनांगणिक, दरीत उतरलेल्या पाच पुरुषांगणिक की एकूण आठ माणसांगणिक करावी, यावर एकमत होत नाही आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे धाव घेतो. विमान, सायकल, मालमोटार, जे हाती लागेल ते वापरले जाते व वाटेत इतरही या शर्यतीत ओढले जातात. अनेक वर्षे या प्रकरणाचा माग काढणारा पोलीस अधिकारी कल्पेपर (स्पेन्सर ट्रेसी) हे सारे दुरून पाहत असतो. परंतु तुटपुंजे निवृत्तिवेतन व घरातील कटकटी यांनी त्रासलेला हा कर्तव्यदक्ष माणूसही अखेर पैसे घेऊन पळ काढतो. शेवटी पैसे रस्त्यावरील गर्दीत उधळले जातात आणि लोभाचे वाटेकरी प्लास्टरमध्ये जखडून रुग्णालयात एकत्र येतात.

‘द डिफायंट वन्स’ (१९५८) व ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ (१९६१) यांसारख्या गंभीर सामाजिक चित्रपटांनंतर क्रेमर प्रहसनाकडे वळले, तरी त्यांची नैतिक दृष्टी बदलली नाही. सामान्य, सभ्य माणसे वाटणीच्या पहिल्याच चर्चेत कशी बदलतात, हा चित्रपटाचा खरा विषय होय. त्यात कोणी खलनायक नाही आणि कायद्याचा रक्षकही अपवाद ठरत नाही.

विनोदाच्या इतिहासातही या चित्रपटाला स्थान आहे. १९५० नंतर दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे अमेरिकन चित्रपटगृहांचा प्रेक्षकवर्ग घटला. त्याला परत आणण्यासाठी अतिरुंद पडद्याचे भव्य चित्रपट निघू लागले. ७० मिमी. तंत्राने सादर झालेल्या या चित्रपटात मात्र मिल्टन बर्ल, सिड सीझर, फिल सिल्व्हर्स हे दूरचित्रवाणीवर गाजलेले नटच अग्रभागी होते. त्यांच्या जोडीला मूकपटांतील बस्टर कीटन व रंगमंचावरून आलेले जिमी ड्युरांटी, एथेल मर्मन होते. अशा तऱ्हेने विनोदाच्या अनेक परंपरा येथे एकत्र आल्या. अतिविस्तार व गोंगाट हे मात्र त्याचे दोष मानले जातात.

चित्रपटास व्यावसायिक यश लाभले. सहा ऑस्कर नामांकनांपैकी ध्वनिपरिणामांचा पुरस्कार त्यास मिळाला. मूळ सुमारे १९२ मिनिटांच्या चित्रपटातून वितरकांनी पुढे अर्ध्या तासाच्या आसपास भाग वगळला व त्यातील काही दृश्ये नष्ट झाली. २०१४ मध्ये १९७ मिनिटांची पुनर्रचित आवृत्ती निघाली. जेथे केवळ ध्वनी उरला होता तेथे स्थिरचित्रे जोडण्यात आली. ‘रॅट रेस’ (२००१) या अमेरिकन चित्रपटात अशीच पैशासाठीची शर्यत आहे. तर ‘धमाल’ (२००७) या हिंदी चित्रपटात गोव्यातील एका बागेतील ‘डब्ल्यू’खाली दडविलेल्या दहा कोटी रुपयांसाठी धाव घेतली जाते.