भोंगा आणि हॉटपॉट

परवा रविवारी पनवेलच्या मटणवाल्याकडे मानेचे तुकडे आणि थोडा गुर्दा मागितला. त्यानं विचारलं, "सुकं की रस्सा?" म्हटलं, "दोन्ही नाही." आता 'लँकेशायर हॉटपॉट' त्याला काय समजावणार!

कृती सोपी आहे. मटण, कांदा, मीठ, मिरपूड आणि हाडांचं पाणी. वर बटाट्याच्या चकत्या, कौलं शाकारतो तशा एकावर एक रचायच्या. झाकण लावून मंद ओव्हनमध्ये अडीच-तीन तास ठेवायचं. शेवटी झाकण काढून चकत्या तांबूस होऊ द्यायच्या. झालं!

आई शेजारी उभी राहून बघत होती. "हळदसुद्धा नाही?"

मंडळी, या पदार्थाच्या मागे लागायचं कारण म्हणजे तो गिरणगावाचा आहे. मँचेस्टरच्या आसपासचं लँकेशायर म्हणजे सुती गिरण्यांचं माहेरघर. तिथे बायकाही मोठ्या संख्येनं गिरणीत जात. सकाळी भांडं मंद आचेवर ठेवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन गरम जेवायचं, असं सांगतात.

त्यांचं आणि आपलं नातं कापसाचं. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिथला कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडून कामगार उपाशी राहिले, तेव्हा मुंबईचे कापसाचे व्यापारी मालामाल होत होते. मग मुंबईच्या स्वतःच्या गिरण्या वाढल्या. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू गेले, तेही गिरणी कामगारच. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला गेले. बहिष्काराची झळ बसलेल्या त्या कामगारांनी त्यांचं प्रेमानं स्वागत केलं. एकाची चूल पेटली की दुसऱ्याची विझते, असा हा सगळा हिशोब.

एलिझाबेथ गॅस्केल या लेखिकेच्या 'नॉर्थ अँड साउथ' या १८५४-५५ सालच्या कादंबरीत एक गिरणीमालक कामगारांसाठी जेवणघर काढतो आणि त्यांच्याबरोबर बसून हॉटपॉट खातो. वाचताना मला हसू आलं. आमच्या लालबागला ते काम मालकांनी नाही, बायकांनी केलं. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांसाठी खोल्याखोल्यांतून खानावळी चालायच्या. अशाच बायकांसाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

माझी आई त्यांच्यातलीच एक. दहा बाय बाराच्या खोलीत अठरा माणसांचं जेवण. पाळ्या तीन, म्हणजे चूलही तीन पाळ्यांत. भोंगा गिरणीचा, पण उठायची ती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पहिले दोन महिने तिनं उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण गावी गेला आणि बरेचसे परतलेच नाहीत. बाकी लिहिलेली वही अजून तिच्या ट्रंकेत आहे. तिनं कधी कुणाला पत्र टाकून पैसे मागितले नाहीत. 'त्यांचंच काय राहिलं होतं?' एवढंच म्हणते.

२०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी आमच्या पनवेलजवळच्या कोनमधल्या घरांची सोडत निघाली, तेव्हा पेपर आल्याबरोबर तिनं ती वही काढली होती. वसुलीसाठी नाही हो! कुणाचं नाव लागलंय का, ते बघायला.

असो. दुपारी तिला हॉटपॉट वाढला. बटाटे आवडले, मटण 'आजाऱ्याचं' वाटलं. मी त्या तिकडच्या बायकांची गोष्ट सांगितली. ती चमचा हातात धरून जरा वेळ गप्प बसली.

"म्हणजे कामावरून आल्यावर त्यांना तयार गरम मिळायचं?"

"हो."

"बरं होतं की मग. आमचं कामच ते होतं, तयार कोण ठेवणार?"

पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहे. तिला देवळातून यायला एक वाजतो, त्याच्या आत भांडं तयार हवं. हळद घालायची की नाही, ते तिच्यावर सोडलंय.