एकाआड एक बांधलेला ताल: मॅग्नेट्रॉन स्थिर कसा झाला

मॅग्नेट्रॉनची गोष्ट सांगताना आपण बहुधा एकाच तारखेपाशी थांबतो: २१ फेब्रुवारी १९४०. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात सहा पोकळ्या कोरल्या आणि सुमारे ९.८ सेंटिमीटर तरंगलांबीवर जवळपास ४०० वॅट शक्ती मिळवली. ते मोठंच काम होतं. पण आज आपल्याला त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल बोलायचं आहे.

कारण नुसती शक्ती पुरत नाही. रडारचा ग्राहक एका ठरावीक वारंवारतेला लावलेला असतो. प्रेषकानं मध्येच सूर बदलला, तर प्रतिध्वनी परत येतो, पण तो ऐकायला कुणी नसतं. आणि हे यंत्र सूर बदलायचं!

का, ते पाहू. पोकळ्या वर्तुळात, समान अंतरावर, एकमेकींशी जोडलेल्या असतात. म्हणजे हा आवर्ती तरंगमार्गच, फक्त टोकाला टोक जोडून कडं केलेला. आता लेझीम खेळणारी आठ मुलं रिंगणात उभी आहेत असं समजा. आपल्याला हवा तो ताल असा: एक वाकला की शेजारचा ताठ, पुन्हा पुढचा वाकलेला. पण याच रिंगणात दुसरे तालही बसतात. वाकण्याची लाट रिंगणभर एकदा फिरेल, दोनदा फिरेल, तीनदा फिरेल. या तालांच्या वारंवारता फार जवळजवळ असतात. व्होल्टेज किंवा भार थोडा बदलला, की यंत्र एका तालावरून दुसऱ्यावर उडी मारतं.

१९४१ मध्ये बर्मिंगहॅमच्याच जेम्स सेयर्स यांनी यावर जो उपाय काढला, तो ऐकून हसू येईल. त्यांनी दोन पोकळ्यांमधले तांब्याचे दात एकाआड एक घेऊन तारेच्या पट्ट्यांनी जोडून टाकले. बस्स!

आपल्या रिंगणात एकाआड एक मुलांना एका दोरीनं बांधा. हव्या त्या तालात ही मुलं एकदमच वाकतात, त्यामुळे दोरीवर ताण येत नाही. बाकी कुठल्याही तालात दोरी ओढली जाते. तसंच इथे घडलं. नको असलेल्या तालांच्या वारंवारता दूर सरकल्या, हवा तो ताल एकटा उरला. उड्या थांबल्या, शिवाय कार्यक्षमताही बरीच वाढली.

याचं मोल काय होतं? मार्च १९४१ मध्ये ब्रिटिश नौदलाचं १० सेंटिमीटरचं रडार ‘ऑर्किस’ या जहाजावर बसलं होतं. रात्री पृष्ठभागावर येऊन हल्ला करणाऱ्या जर्मन पाणबुड्या शोधायच्या, तर प्रत्येक स्पंद नेमक्या सुरात जायला हवा होता. ताफ्यांतल्या खलाशांचे जीव त्यावर अवलंबून होते.

हा प्रश्न अजून जुना झालेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले संशोधक आवर्ती तरंगमार्ग शेजारी-शेजारी ठेवून, एकमेकांशी जोडून, भार बदलला तरी न ढळणारे दोलक रचू पाहत आहेत. त्यांचं गणित वेगळं आहे. तिथे एका विशिष्ट वारंवारतेला चार तरंग मिळून एकच होतात. पण धडा सेयर्सच्या तारेतलाच: स्थिरता नुसत्या जोरातून येत नाही, कोण कुणाशी जोडलेलं आहे यावर ती ठरते.

रँडॉल आणि बूट आपल्या लक्षात आहेत. त्यांच्या शेजारी सेयर्स हे नावही ठेवू या.