उभं राहता येत नाही, त्याने रांगेत काय करावं?



डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली सुरू झाल्या की दवाखान्यात एक वेगळीच मागणी सुरू होते. "डॉक्टरसाहेब, एक चिठ्ठी लिहून द्या. पोराला रांगेत फार वेळ उभं ठेवू नका म्हणून." सहल कधी नागपूरकडच्या वॉटर पार्कला असते, कधी थेट मुंबई-खोपोलीपर्यंत. चिठ्ठी मागणाऱ्यांच्या आवाजात बऱ्याचदा संकोच असतो, जणू काही ते वशिला मागत आहेत. हा वशिला नाही. पण तसं का वाटतं, याचा शोध घेतला तर एक मजेशीर इतिहास हाती लागतो. आज तोच सांगतो.

आधी थोडं शरीराबद्दल. आपण बसलेले उठून उभे राहिलो की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे ते वर ढकलतात. रांगेत मात्र आपण चालत नाही आणि बसतही नाही. दोन पावलं टाकायची, पाच मिनिटं थांबायचं. म्हणजे पंप बंद. धडधाकट माणसालाही प्रार्थनेच्या मैदानावर भोवळ येते ती यामुळेच. मग जुना मधुमेह ज्याच्या नसांपर्यंत पोचला आहे, ज्याला पार्किन्सन आहे, गुडघे झिजले आहेत, आतड्याच्या आजारामुळे दर अर्ध्या तासाला संडासला जावं लागतं, किंवा जे मूल स्वमग्न आहे आणि गर्दीच्या आवाजाने भेदरतं, त्यांचं काय होत असेल? यातल्या बहुतेकांकडे बघून काहीच कळत नाही. ते चालत येतात, हसतात, बोलतात. अडचण फक्त थांबण्यात असते.

आपल्याकडे गिरडची किंवा घोराडची यात्रा भरते, तिथल्या आकाशपाळण्याला तशी रांग नसायची. घोळका असायचा. पाळणेवाला हात धरून म्हाताऱ्या आजीला बसवायचा, लंगडणाऱ्या पोराला उचलून आत ठेवायचा. ओळखदेख आणि माणुसकी यावर सगळं चालायचं. चांगल्या पाळणेवाल्याकडे चांगलं, वाईटाकडे वाईट. नियम नव्हता, त्यामुळे हक्कही नव्हता.

शिस्तीची, दोरखंडांतून नागमोडी फिरणारी रांग जगाला दाखवली ती मोठ्या मनोरंजन उद्यानांनी. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अनाहाइम इथे सुरू झालं. तिथे गणित साधं होतं. समजा एका राइडमध्ये २४ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी ती सुटते. तासाला ७२० माणसं. तुमच्या पुढे ७२० जण असतील तर तुमचा एक तास गेला. पाळी सगळ्यांची सारखी. मात्र शरीरं सारखी नसतात, हे त्या गणितात कुठेच नव्हतं. नागमोडी रांगेचे कठडे अरुंद, मध्ये पायऱ्या. व्हीलचेअर आत जाणारच कशी?

मग तोडगा निघाला तो असा: व्हीलचेअरवाल्यांना बाहेर पडायच्या दारातून आत घ्यायचं, कारण ते दार रुंद आणि सपाट होतं. या मागच्या दाराने जाणारा माणूस आपोआपच सगळ्यांच्या पुढे पोचायचा. लोक याला सवलत समजले. खरं तर ती बांधकामातली चूक झाकण्याची युक्ती होती. पुढे अनेक वर्षं अमेरिकेत आणि आपल्याकडेही अपंगत्व म्हणजे रांग चुकवणं हे जे समीकरण डोक्यात बसलं, त्याचं एक मूळ या मागच्या दारात आहे असं माझं मत आहे.

अमेरिकेत कायदा आला तोही सहजासहजी नाही. १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमध्ये साठेक अपंग माणसं आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवून संसदेच्या पायऱ्या हातांनी, कोपरांनी सरपटत चढली. त्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी २६ जुलैला तिथल्या अपंग हक्क कायद्यावर सही झाली. त्यात हॉटेल, दुकान, थिएटर यांच्याबरोबर मनोरंजन उद्यानंही आली. नव्या बांधकामात रांगेचीच वाट रुंद आणि सपाट करायची, म्हणजे व्हीलचेअरही सगळ्यांबरोबर त्याच रांगेत, असं सुरू झालं. मागच्या दाराची गरज कमी झाली. पण ज्यांचा आजार दिसत नाही त्यांचा प्रश्न तिथेच राहिला.

त्यांच्यासाठी डिस्नेकडे एक कार्ड असायचं. ते दाखवलं की अनेक राइडवर लवकर प्रवेश. हळूहळू कार्डधारकांचं गणित बिघडलं. पुढे कोर्टात आलेल्या माहितीनुसार पार्कात येणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांच्या आसपास लोकांकडे हे कार्ड होतं, पण एका लोकप्रिय राइडवर बसणाऱ्यांत त्यांचं प्रमाण जवळपास ३० टक्के होतं. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात बातमी आली की काही श्रीमंत कुटुंबं तासाला १३० डॉलर मोजून अपंग माणसाला 'गाइड' म्हणून सोबत नेतात आणि त्याच्या आडून रांग टाळतात. वाचून किळस येते. पण आपल्याकडे मोठ्या देवळांच्या रांगा पाहिलेल्या माणसाला फार आश्चर्य वाटू नये.

ऑक्टोबर २०१३ मध्ये डिस्नेने पद्धत बदलली, आणि हा बदल मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नव्या पद्धतीत कार्डधारकाला लगेच आत घेत नाहीत. रांग तासाभराची असेल तर त्याला साधारण तेवढ्याच वेळानंतरची वेळ लिहून देतात. तोवर त्याने सावलीत बसावं, जेवावं, संडासला जावं, औषध घ्यावं. थांबायचं सगळ्यांइतकंच, फक्त उभं राहायचं नाही. थांबणं आणि उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणीतरी कागदावर मांडलं.

सगळे खूश झाले असं नाही. स्वमग्न मुलांच्या पालकांनी खटले भरले. "एक तासाने परत या" हे आमच्या मुलाला समजतच नाही, एकदा दारापाशी नेलं की त्याला परत फिरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. वैद्यकीयदृष्ट्या ते खरं आहे. २०२० मध्ये एका महत्त्वाच्या खटल्यात न्यायालयाने डिस्नेच्या बाजूने निकाल दिला. मग २०२४ मध्ये नियम उलट्या दिशेने आवळले गेले. ही सेवा मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अडचण असणाऱ्यांपुरती ठेवली, आणि शारीरिक आजारवाले अनेक जण बाहेर पडले. दरम्यान १९९९ मध्ये फुकट सुरू झालेली 'फास्टपास' ही लवकर आत जायची सोय २०२१ पासून पैसे देऊन घ्यायची झाली. म्हणजे आजारी माणसाच्या हेतूबद्दल शंका घ्यायची आणि पैसेवाल्याला काही विचारायचं नाही. आपल्याकडच्या मोठ्या पार्कांतही जादा पैशांची 'फास्ट' तिकिटं मिळतात. रांग पैशाने ओलांडता येते हे ज्यांना चालतं, त्यांनी आजाराने ओलांडणाऱ्याकडे डोळे वटारू नयेत.

आता आपल्या देशात येऊ. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झालं, मुंबईत गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये. आमच्या पिढीला ही नावं ऐकून गुदगुल्या व्हायच्या. एस्सेलवर्ल्डला जायचं तर लाँचमधून खाडी ओलांडायची, त्यामुळे व्हीलचेअरवाल्याची परीक्षा रांगेच्या आधी धक्क्यावरच सुरू व्हायची. त्या काळी भारतात अपंगांच्या हक्कांचा सर्वसमावेशक असा कायदाच नव्हता. तो १९९५ मध्ये झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, ऐकण्याचा दोष, हालचालीचा दोष, मतिमंदत्व आणि मानसिक आजार.

यातल्या तिसऱ्या प्रकारापाशी वर्धेकर क्षणभर थांबेल. आपल्या दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. सेवाग्राम आश्रमात गेलात तर परचुरे कुटी जरूर बघा. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी गावाबाहेर नाही, आश्रमातच जवळ ठेवलं आणि स्वतः त्यांना मालिश केलं. मागचं दार आणि तेच दार यातला फरक आपल्या जिल्ह्यात फार आधी दिसला होता.

पुढे भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. त्याच्या ३० व्या कलमात खेळ, करमणूक, विरंगुळा यांत सहभागाचा हक्क आहे, आणि मुलांच्या खेळण्याचा वेगळा उल्लेख आहे. "आजारी पोराला पार्कात न्यायचंच कशाला?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे ऐकवा. त्यानंतर आला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. सातचे प्रकार एकवीस झाले. या यादीत स्वमग्नता आहे, पार्किन्सन आहे, आणि रक्ताचे तीन आजार आहेत: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल.

विदर्भासाठी शेवटचा शब्द मोठा आहे. सिकलसेलचं पहिलं वैद्यकीय वर्णन १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी केलं. १९४९ मध्ये लिनस पाउलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवलं. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि त्याच दशकात नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातही तो असल्याचं दाखवलं. म्हणजे डॉक्टरांना कळल्यानंतर कायद्याच्या यादीत यायला साठेक वर्षं लागली.

एसएस पॅटर्नच्या मुलाची तांबडी पेशी शरीरातलं पाणी कमी झालं, ऑक्सिजन कमी पडला किंवा थंडी वाजली की विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनी बंद करते. मग हाडांत ज्या कळा येतात त्या भोगणाऱ्यालाच ठाऊक. आता विचार करा: दोन तास उन्हात रांग, "संडासला जावं लागेल" म्हणून पाणी न पिणं, आणि शेवटी एकदम गार पाण्याच्या घसरगुंडीवरून खाली. क्रायसिस बोलावण्याची याहून खात्रीशीर पद्धत सांगता येणार नाही. आणि हे मूल दिसायला? थोडं फिकट, थोडं बारीक. बस्स. रांगेतला माणूस म्हणणारच, "याला काय झालंय?"

२०१६ च्या कायद्यात 'वाजवी सोयसवलत' अशी कल्पना आहे. त्या व्यक्तीला गरज असेल तसा बदल करा, समोरच्यावर अवाजवी बोजा न पडेल इतपत. खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेचे नियम लागू आहेत. रांगेबाहेर एक खुर्ची आणि एका कागदावर वेळ लिहून देणं हा कोणत्या पार्कावर बोजा आहे? अंमलबजावणीची कथा मात्र वेगळी. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्यांनी सुगम्यतेसाठी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २०१७ मध्ये निर्देश मिळाले. ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने पुन्हा सांगितलं की सरकारचे सुगम्यतेचे नियम शिफारशींसारखे मऊ आहेत, सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करा.

एक गल्लत टाळा. रांगेतली सोय वेगळी आणि राइडवर बसणं वेगळं. हिमोफिलियाचा मुलगा, फिट येणारी व्यक्ती, मानेचं ऑपरेशन झालेला माणूस यांना जोरात हिसके देणाऱ्या राइडवर नाही म्हटलं तर तो अन्याय नव्हे. पण सुरक्षेचं कारण सरसकट पुढे करणंही बरोबर नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये गोव्याला जाणाऱ्या विमानातून उतरवलं गेलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई दिली. धोका नेमका कोणता, हे सांगता आलं पाहिजे.

आता चिठ्ठीबद्दल. मी त्यात आजाराची जन्मकुंडली लिहीत नाही, ती गेटवरच्या मुलाने वाचावी असं काही नसतं. मी गरज लिहितो: १० मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू शकत नाही, बसून थांबेल, दर तासाला पाणी आणि स्वच्छतागृह लागेल, अमुक प्रकारची राइड नको. ज्यांचं अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरतं त्यांनी यूडीआयडी कार्डही काढून ठेवावं. चिठ्ठी सहलीच्या दिवशी नाही, आठ दिवस आधी शाळेला द्या आणि शाळेने पार्कला फोन करावा.

सिकलसेलच्या मुलांचे पालक, तुमच्यासाठी थोडं जास्त. एएस म्हणजे वाहक मुलांना सहसा काही अडचण येत नाही, पाणी भरपूर पिऊ द्या, एवढंच. एसएस मुलांनी डिसेंबर-जानेवारीत वॉटर पार्कच्या गार पाण्यात उतरू नये. कोरड्या राइड, झुकझुक गाडी, बाग हे सगळं खुशाल करावं. सोबत दोन बाटल्या पाणी, स्वेटर, रोजच्या गोळ्या आणि दुखण्याचं औषध. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर सहलीमुळे डोस चुकवू नका. ताप, छातीत दुखणं, धाप, एकदम फिकटपणा, किंवा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढचा कार्यक्रम सोडून सरळ जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं, आणि तिथे पोचताच पहिलं वाक्य "हा सिकलसेल एसएस आहे" हे असलं पाहिजे. हे वाक्य सोबत जाणाऱ्या शिक्षकांकडून आधी पाठ करून घ्या.