उपासनेची भाषा : केडगाव, नगर आणि बारामती

शिक्षण ही शाळेची बाब आणि उपासना ही मंदिराची, अशी विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. मार्टिन ल्यूथरला ती मान्य नव्हती. १५२४ मध्ये त्याच्या जर्मन गीतांचे पहिले संग्रह निघाले, १५२६ मध्ये त्याने उपासनाविधी जर्मनमध्ये आणला आणि १५२९ मध्ये घरोघरी शिकवता येईल अशी लघुप्रश्नोत्तरी लिहिली. श्रद्धा समजली पाहिजे आणि ती गाताही आली पाहिजे, अशी ही दुहेरी मागणी होती. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात मात्र या मागणीच्या दोन बाजू दोन वेगळ्या व्यक्तींनी सांभाळल्या.

पहिली बाजू पंडिता रमाबाईंची. बारामती-इंदापूरच्या शेजारच्याच दौंड तालुक्यात, केडगावच्या मुक्ती सदनात, त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा आधार घेऊन संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, त्या वेळी हे काम हातावेगळे होत आले होते. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे सदनातील स्त्रियांनी केली. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितसभेने १८७८ मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले, तिनेच येथे संस्कृतप्रचुर धार्मिक परिभाषा कटाक्षाने बाजूला ठेवली. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल तेवढेच मराठी त्यांना हवे होते. जुन्या शब्दांबरोबर जुने अर्थही आत येतात, हे त्यांनी जाणले होते.

दुसरी बाजू रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात आले आणि तेथील ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी अध्यापनही केले. रमाबाई ज्या परंपरेपासून भाषेचे अंतर राखत होत्या, तीच टिळकांनी जवळ केली. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग, पदे आणि कीर्तन आणले. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही ओठी ही उपासना बसली.

या दोन भूमिकांचा विचार बारामतीत करावा, याला कारण आहे. बारामती हे मोरोपंतांचे गाव. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने १७९४ पर्यंत त्यांनी येथे रचना केली. त्यांची आर्या समासांनी आणि यमकांनी जड, तरीही कीर्तनकारांनी ती पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या कानी घातली. विसाव्या शतकाच्या आरंभी याच गावात ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या मंडळ्यांचे कार्य उभे राहिले. ठरीव पंथसूत्रे न मानता केवळ बायबल प्रमाण मानणे, दर रविवारी प्रभुभोजन आणि उपासनेत सामान्य सभासदाचा सहभाग ही त्यांची वैशिष्ट्ये. अशा मंडळीत वाचता येणे ही केवळ नोकरीची पात्रता राहत नाही. वाचणारा सभासद नसेल तर उपासनाच अडते. शाळा आणि मंदिर येथे खऱ्या अर्थाने एक होतात.

पुढचा इतिहास बोलका आहे. रमाबाईंचे भाषांतर अभ्यासकांच्या आदराचा विषय झाले. मंडळ्यांमधून मात्र बायबल सोसायटीचे भाषांतर वाचले जात राहिले. टिळकांची भजने 'उपासना-संगीता'तून आजही गायली जातात. सुबोधतेपेक्षा लय अधिक टिकली, असा निष्कर्ष यातून सहज निघेल, पण तो अपुरा आहे. पाठ झालेले पद आणि समजलेले वचन यांची गाठ पडली नाही, तर एकाची सवय होते आणि दुसरे ग्रंथालयात राहते. मराठी न वाचणाऱ्या नव्या पिढीला उपासना शिकवताना हा पेच अधिकच तीव्र होतो.

आपल्या मराठी विभागांचीही यात जबाबदारी आहे. टिळक आपण 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकवतो आणि त्यांची भजने 'ख्रिस्ती साहित्य' या परिशिष्टात ढकलतो. रमाबाई समाजसुधारणेच्या धड्यात येतात, भाषेच्या धड्यात नाही. तुकोबांचा अभंग उपासनेतूनच वाङ्मयात आला, हे मान्य करणाऱ्यांनी टिळकांच्या अभंगाला वेगळा न्याय का लावावा?