मासायोशी सोन: नाव स्वतःचे, पैसा इतरांचा

जपानच्या क्युशू बेटावर, तोसू गावात रेल्वेमार्गालगत कोरियन लोकांची वस्ती होती. घरे बेकायदा, भोवती डुकरे पाळलेली. १९५७ साली मासायोशी सोन तिथे जन्मले. त्या समाजात टिकायचे म्हणून घराण्याने 'यासुमोतो' हे जपानी आडनाव लावले होते. अमेरिकेत शिकून परतलेल्या या तरुणाने १९८१ मध्ये सॉफ्टबँक काढली, ती मात्र 'सोन' नावाने. नागरिकत्व घेताना अधिकारी म्हणाले, असे आडनाव जपानी माणसाचे नसते. मग त्यांच्या जपानी पत्नीने आधी न्यायालयातून स्वतःचे आडनाव 'सोन' करून घेतले. झाला दाखला तयार! अल्पसंख्याकाला हा किस्सा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२००० साली इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळले आणि सोन यांची सुमारे ७,००० कोटी डॉलरची संपत्ती हवेत विरली. त्याच वर्षी त्यांनी चीनच्या अलिबाबात २ कोटी डॉलर घातले होते. २०१४ मध्ये ती कंपनी बाजारात आली, तेव्हा त्या हिश्श्याची किंमत सुमारे ७,५०० कोटी डॉलर झाली. आपली नजर माणूस ओळखते, हा विश्वास इथे पक्का झाला असावा.

पुढचा डाव निराळा होता. २०१७ च्या व्हिजन फंडात सुमारे १०,००० कोटी डॉलर जमले, पैकी ४,५०० कोटी सौदी अरेबियाचे. बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या पैशाचा मोठा भाग दरसाल ७ टक्के ठराविक परताव्याच्या बोलीवर होता. मुदारबा, म्हणजे नफ्यातोट्यातली भागीदारी, ज्या परंपरेने शिकवली तिथलाच हा पैसा! नव्या कंपन्या वर्षानुवर्षे तोट्यात असतात; त्यांच्या जिवावर असा वायदा करणे मला धाडसापेक्षा बेफिकिरी वाटते.

वीवर्क इमारती दीर्घ भाडेपट्ट्याने घेऊन कचेऱ्यांसाठी जागा थोड्या मुदतीने भाड्याने देई. सोन यांनी तिला तंत्रज्ञान कंपनीचा भाव दिला. जानेवारी २०१९ मध्ये ४,७०० कोटी डॉलरला आकलेली ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. एनव्हिडियातला हिस्सा तर त्यांनी २०१९ मध्येच विकून टाकला होता, कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट येण्याआधी.

जानेवारी २०२५ मध्ये ते व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांच्या शेजारी उभे राहिले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अमेरिकेत ५०,००० कोटी डॉलर उभारण्याची ती घोषणा होती. एवढी रक्कम सॉफ्टबँकेच्या तिजोरीत नव्हती. ती पुन्हा इतरांकडूनच आणायची होती.